दुसऱ्यांचा विचार करून ओढलेली सिगारेट

वारेबुवांच्या मते जगात सिगारेट ओढणारे दोनच प्रकारचे होते. एक, दुसऱ्यांचा काडीचाही विचार न करणारे; आणि दुसरे, खुद्द वारेबुवा.

वारेबुवा हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. हॉटेलांची स्वयंपाकघरं, नाट्यगृहं, इस्पितळं अशा ठिकाणी हवा खेळती ठेवणारे पंखे आणि पत्र्याचे बोगदे बसवण्यात त्यांची हयात गेली होती. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी छताकडे बघत, मग खिडक्यांकडे, आणि जमलंच तर शेवटी यजमानाकडे. "हवा येते कुठून आणि जाते कुठे, तेवढं मला सांगा," हा त्यांचा पहिला प्रश्न. कामावरच्या मंडळींनी थट्टेने नाव ठेवलं, आणि बुवांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं.

अशा माणसाची सिगारेट शास्त्रशुद्धच असणार. बसस्टॉपवर उभे असले की ते आधी बोट ओलं करून वाऱ्याचा अंदाज घेत. मग पेटवण्याआधी आजूबाजूच्या लोकांना अदबीने सांगत, "जरा त्या बाजूला सरकता का? वारा इकडून आहे. तुम्हाला उगाच त्रास नको." लोक बिचारे सरकत. वारा फिरला की बुवा त्यांना पुन्हा या बाजूला आणत. एकदा एका बाईंना दोन पिशव्या आणि एका रडक्या मुलासकट त्यांनी इतक्या वेळा इकडून तिकडे केलं, की बस आली तेव्हा त्या नेमक्या भलत्याच टोकाला होत्या आणि बस निघून गेली. बाईंनी जे काही ऐकवलं ते बुवांनी मनावर घेतलं नाही. चांगुलपणाची लोकांना किंमतच नसते, असं पुटपुटत त्यांनी दुसरी पेटवली. पुढे स्वतःची फजिती स्वतःच रंगवून सांगायची त्यांना सवय लागली, तेव्हा ते म्हणत, "माझ्या एका सिगारेटपायी अख्खा स्टॉप हलायचा. फक्त मी तेवढा जागचा हलायचो नाही."

'येथे धूम्रपान करू नये' अशी पाटी दिसली की ते संमतीदर्शक मान डोलावत. बेजबाबदार लोकांना हे सांगायलाच हवं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मग ते पाटीच्या मागच्या बाजूला जाऊन ओढत.

घरात तर त्यांनी कधीच सिगारेट ओढली नव्हती. ओढली ती गॅलरीत, दार लावून. दार नीट लागत नसे ही गोष्ट वेगळी. ते लावायचे, हे महत्त्वाचं. बायकोने लग्नानंतरची पहिली काही वर्षं कुरबुर केली आणि मग नाद सोडला. तिने नाद सोडला म्हणजे तिला आता त्रास होत नाही, असा अर्थ बुवांनी काढला. नवरे लोक काढतात त्यातल्या बऱ्याच अर्थांसारखा तो सोयीचा होता.

त्यांची एकुलती लेक तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली, तिथून बुवांच्या अब्रूची घसरण सुरू झाली. लेकीच्या घरी भिंती फोडायचं काम काढलं होतं आणि त्या धुळीने बाळाची छाती घरघरायला लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ आणि धूर, दोन्हींपासून पोरीला लांब ठेवा. काम संपेपर्यंत जायचं तर एक सासूबाईंकडे, म्हणजे दिवसभराच्या प्रवासावर, नाहीतर आईबाबांकडे. लेकीने आईबाबांकडे यायचं ठरवलं आणि आनंदाने बुवांचे पाय जमिनीवर ठरेनात. जन्मल्यापासून नात त्यांनी जास्त करून मोबाइलच्या काचेतच पाहिली होती. आता ती घरात खेळणार होती, आणि बुवांना आयुष्याकडून याहून जास्त काही नको होतं.

पण लेक दारातच थांबली.

"बाबा, आधी एक सांगते, मग आत येते. घरात सिगारेटचा वास आला ना, तर त्याच दिवशी हिला घेऊन मी सासूबाईंकडे निघेन. गॅलरीत नाही, जिन्यात नाही. कुठेच नाही."

"अगं, मी कधी घरात ओढलीय का?"

"बाबा."

"बरं बाई. दिला शब्द. आण तिला इकडे."

सुरुवातीला बुवांनी शब्द पाळला. प्रत्येक सिगारेटला तीन मजले उतरायचे, फाटकाबाहेर उभं राहायचं, पुन्हा तीन मजले चढायचे. लिफ्ट होती, पण तिला मूड असेल तेव्हाच ती चालायची. वर येईपर्यंत बुवांना धाप लागायची आणि धाप लागली की सिगारेट ओढावीशी वाटायची. इकडे नातीने तर त्यांना पुरतं वेड लावलं होतं. ती त्यांचं बोट मुठीत धरायची आणि सोडायचीच नाही. जेवण निवून जायचं, कामावरून फोन वाजत राहायचे, आणि हे एक बोट अडकवून बसलेले.

मग एका सकाळी आंघोळ करताना त्यांची नजर बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनवर गेली, आणि त्यांच्यातला तज्ज्ञ जागा झाला.

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडायची. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली, सगळ्या पाइपांची उभी पोकळी, वरून मोकळी. गरम हवा वर जाते. धूर पंख्यातून डक्टमध्ये, डक्टमधून थेट आभाळात. कुणाच्या नाकाला पत्ता नाही. लेकीची अट वास येण्याबद्दल होती; वास येऊच दिला नाही, तर अट मोडतेच कुठे? वकिलाने फी घ्यावी असा हा मुद्दा बुवांनी अंगाला साबण लावता लावता फुकट काढला आणि स्वतःवरच खूश झाले.

त्या दिवसापासून बुवांचं आंघोळीचं प्रमाण वाढलं. सकाळची झाली, दुपारची झाली, संध्याकाळी कामावरून आल्यावर तर हवीच. पंखा घरघरतोय, नळ सोडलाय, आणि आत बुवा बादलीवर फळी टाकून, पंख्याकडे तोंड करून धूर सोडताहेत.

"या वयात एवढी स्वच्छता कुठून सुचली म्हणायची?" बायको म्हणाली.

"घरात लहान मूल आहे," बुवा म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

आणि मग एका संध्याकाळी लेक बाळाच्या खोलीतून ओरडली, "बाबा, इकडे या. वास येतोय."

बुवांनी घाईघाईने नळ बंद केला. ओले केस पुसत ते खोलीत गेले. वास होता. चांगला ठसठशीत होता. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या, आणि गॅलरीच्या दाराची फटही, लेकीने धुळीच्या भीतीने बंद करून टाकली होती. उघडी होती ती फक्त डक्टकडची, काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी. बुवांनी तिच्यापाशी नाक नेलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"डक्टमधून येतोय!" ते म्हणाले. "खालून कुणीतरी ओढतंय!"

यात त्यांनी थाप मारली असं कुणी म्हणू नये. त्यांचा मनापासून तसाच समज होता. आपला धूर आभाळात गेला, हे तर गणितच होतं. मग हा दुसरा कुणाचा? खालच्या मजल्यावर मेट्रनबाई राहत होत्या. मोठ्या इस्पितळात हेड नर्स होत्या, आता निवृत्त, एकट्या. आवाज जाडा, चाल ताठ, आणि सिगारेट ओढायच्या ती राजरोस, स्वतःच्या खिडकीत बसून, रस्त्याकडे बघत. बोट ओलं करणं नाही, काही नाही. बुवांना त्या पहिल्यापासून डोळ्यांत खुपत.

"लोकांना दुसऱ्यांचा विचारच नसतो गं," बुवा लेकीला म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की जेवताना त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

मेट्रनबाईंचा धूर आपल्या घरात शिरू नये, म्हणून त्यांनी कामावरून एक दणकट पंखा आणला आणि जुना काढून तो बाथरूममध्ये बसवला. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा पंखा होता तो. लावला की बाथरूमचं दार आपोआप थरथरायचं. आता बुवांना ओढायलाही निर्धास्त वाटू लागलं. पण वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बाळाची घरघर, जी जरा दबली होती, ती पुन्हा सुरू झाली. पोर रडायची, रडताना खोकायची आणि खोकून खोकून लाल व्हायची. लेक तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची. एकदा बुवांनी पाहिलं, ती दुसऱ्या हाताने मोबाइलवर गाडीची तिकिटं बघत होती.

"थांब," बुवा म्हणाले. "मला रविवारपर्यंत वेळ दे. त्या बाईंचा बंदोबस्त करतो."

ते तसेच खाली गेले आणि बेल वाजवली. मेट्रनबाईंनी दार उघडलं.

"तुमच्या धुराने माझी नात आजारी पडलीय," बुवांनी सरळ तोफ डागली. "तुम्ही ओढता की नाही?"

"ओढते की. लपवलंय कधी?" बाई म्हणाल्या. "पण घरात नाही. तुमची नात आली त्या आठवड्यापासून नाही. बाथरूमच्या खिडकीतून तिची छाती ऐकू येते मला. वॉर्डात जन्म गेला माझा, कळतं मला ते. तेव्हापासून खाली फाटकाबाहेर जाते. हा कोट घालून ओढते आणि इथेच बाहेर काढून ठेवते."

दाराशेजारी खिळ्याला एक जुना कोट लटकत होता. बुवा रोज त्याच्यावरून जात आणि बाई गबाळ्या आहेत असं मनात म्हणत.

"सगळे असंच सांगतात, बाई," बुवा म्हणाले. हे सगळे म्हणजे नेमके कोण, ते त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. "पण हवा खोटं बोलत नाही. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो."

"दाखवा," मेट्रनबाई म्हणाल्या. "मलाही कळू दे."

रविवारी बुवा आपली तपासणीची नळी घेऊन सज्ज झाले. हवा कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांच्या धंद्यात ती वापरतात: काचेची नळी, तिला मागे रबरी फुगा, फुगा दाबला की पांढरा धूर सुटतो आणि हवा नेईल तिकडे जातो. बाळाला गॅलरीत आजीच्या मांडीवर दिलं. लेकीला बुवांनी बाळाच्या खोलीत साक्षीदार म्हणून उभं केलं. मग ते खाली मेट्रनबाईंच्या बाथरूममध्ये गेले, खिडकीतून हात बाहेर काढून फुगा दाबला, आणि धापा टाकत वर आले.

"आला?"

"नाही," लेक म्हणाली. "समोरून सरळ वर गेला. आत काहीच नाही आलं."

बुवा गोंधळले. त्यांच्या मागोमाग मेट्रनबाईही वर आल्या होत्या आणि हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या.

"पण बाबा," लेक म्हणाली, "वास येतो ना, तेव्हा आपला बाथरूमचा पंखा चालू असतो. तुमच्या आंघोळीच्या वेळीच येतो नेहमी. तो लावून बघा की."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पोटात कळ आली म्हणून झोपून जायचं होतं. पण बुवांच्या आत जो तज्ज्ञ बसला होता त्याला राहवेना. तपासणी म्हणजे तपासणी. परिस्थिती हुबेहूब हवी. त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा लावला. बाथरूमचं दार थरथरलं.

"नळी द्या माझ्याकडे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी इथे बाथरूममध्ये धरते. तुम्ही तिकडे जाऊन बघा."

बुवांनी बेलाशक दिली. इथला धूर आभाळात जातो, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते बाळाच्या खोलीत लेकीशेजारी उभे राहिले.

"दाबा!"

क्षणभर काही नाही. मग काचेच्या पट्ट्यांमधून एक पांढरी लड आत आली. तिच्या मागून दुसरी. मग चांगला जाडजूड झोत, शिस्तीत, पाळण्याच्या दिशेने.

"येतंय!" बुवा आनंदाने ओरडले. "बघ, कसं ओढतंय आत! अगदी साफ! घर सगळं बंद, पंखा बाहेर फेकतोय, जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत येणारच! उघडी एकच खिडकी! तीही त्याच डक्टवर! अगं, हे तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगतो—"

इथे त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे धूर कुठून आला?" लेकीने विचारलं. शांतपणे.

"बाथरूममधून."

"कोणाच्या?"

बुवांनी छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. लेकीकडे बघायची छाती होईना.

"आणि पंखा मोठा केल्यावर वास वाढला."

"वाढणारच," बुवा पुटपुटले. धंद्यातल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं त्यांना त्याही वेळी जमलं नाही.

मेट्रनबाई बाथरूममधून बाहेर आल्या. गिझरच्या मागे ठेवलेलं पाकीट आणि थोटकांचा डबा त्यांना नक्कीच दिसला असणार, पण त्या एवढंच म्हणाल्या, "पंखा मात्र फार चांगला बसवलात हो."

लेक गॅलरीत जाऊन बाळाला घेऊन आली आणि एका हाताने बॅग भरू लागली. बुवांनी बायकोकडे पाहिलं, निदान ती तरी काहीतरी बाजू घेईल म्हणून.

"तुला तरी वास यायला हवा होता," ते म्हणाले. एवढं झाल्यावरही असं बोलू शकणारा माणूस विरळा, हे पुढे ते स्वतःच कबूल करत.

"मला?" बायको म्हणाली. "अहो, इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली. मला वाटतं सगळ्यांची घरं अशीच असतात."

ती चिडून बोलली असती तर बुवांनी उत्तर दिलं असतं. ती साधेपणाने बोलली.

"दिवसभराच्या प्रवासात हिला नेऊ नकोस," मेट्रनबाई लेकीला म्हणाल्या. "छाती भरलीय तिची. खाली माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. डक्टकडची खिडकी बंद करून टाकू. येऊन वास घेऊन बघ, पटलं तर राहा."

लेक खाली गेली, वास घेऊन बघितला, आणि राहिली.

अशा रीतीने इमारतीतला सर्वांत जबाबदार धूम्रपान करणारा माणूस वर बसला, आणि त्याची नात इमारतीतल्या सर्वांत बेजबाबदार धूम्रपान करणाऱ्या बाईंच्या घरी राहायला गेली. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "नात खाली कशी काय?" आणि बुवा सांगायचे, "खाली हवा चांगली आहे." हे खरंच होतं, म्हणून जास्त लागायचं.

नातीला भेटायचं तर मेट्रनबाईंच्या दारात तपासणी द्यावी लागे. बाई पुढे वाकून आधी कॉलर हुंगत, मग बोटं, मग मिशा. "शर्ट बदलून या." "मिशा धुऊन या." "आज नकोच." बुवा गपगुमान परत फिरत. त्यांना राग आला नाही असं नाही, आला. पण तो कुणाचा, याचा हिशेब केला की फिरून स्वतःपाशीच येऊन थांबायचा. बाळाची घरघर मात्र हळूहळू बसली. दाराच्या फटीतून तिचं हसणं ऐकू यायचं आणि बुवांना त्या दारापलीकडच्या बाईंचा भयंकर हेवा वाटायचा.

त्यांनी सिगारेट सोडायचं ठरवलं. सोडलीही, पण सकाळी सोडलेली त्यांना संध्याकाळी परत सापडायची. कामावर सगळ्यांना त्यांनी आपणहून सांगितलं की मी सोडलीय, म्हणजे लाजेने तरी पाळली जाईल. त्यानंतर त्यांना कामावर लपून ओढावी लागू लागली, एवढाच फरक पडला.

त्या दिवशीही तसंच झालं. दुपारपर्यंत त्यांनी तग धरला. घरी येताना फाटकाबाहेर पाय थांबले, आणि कळायच्या आत एक ओढून झाली. शेवटचा झुरका घेतल्यावर त्यांना आठवलं की आज नातीला भेटायचं होतं. शर्ट बदलायचा, मिशा धुवायच्या, एवढं केलं तर कदाचित चालून जाईल असा विचार करत ते जिना चढत होते, तेवढ्यात मेट्रनबाईंचं दार उघडंच दिसलं. बाई रुमाल नाकाला लावून उभ्या होत्या, डोळे लाल.

"या, या," त्या गेंगाण्या आवाजात म्हणाल्या. "सर्दीने जीव खाल्लाय माझा. मला काही वास येत नाही. आत या सरळ."

आत सतरंजीवर लेक बसली होती. नात आता बसायला शिकली होती. आजोबांना पाहताच तिने खेळणं टाकलं, दोन्ही हात पुढे केले आणि आनंदाने अख्खी हलायला लागली. लेकही हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बाबा, बघा, ओळखलं हिने. घ्या ना तिला."

बुवांचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला होता. त्या पोरीला उचलून छातीशी धरण्यासाठी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. कुणालाही कळलं नसतं. लेक दूर होती, बाईंचं नाक बंद होतं, आणि मूल काही बोलणारं नव्हतं.

"नको," बुवा म्हणाले. त्यांनी पाय मागे घेतला. "आत्ताच ओढून आलोय. फाटकापाशी."

लेकीचं हसू मावळलं, पण पूर्ण नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाळाने हात आणखी पुढे केले, मग खालचा ओठ बाहेर काढला. बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हात वर केला, बोटांना वास आला आणि त्यांनी तो तसाच खाली केला.

"उद्या या, बाबा," लेक म्हणाली. "न ओढता या. मग घ्या हिला हवं तेवढं."

येतोच, असं म्हणायला बुवांची जीभ रेटेना.

"बघतो जमतंय का," ते म्हणाले, आणि त्यांनीच बाहेरून दार लावून घेतलं.